गोठ्याच्या माळ्यावर काळे गोळे, बांधावर पिसांचा ढीग. एकच पक्षी की वेगवेगळे?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्याकडे उसाचा पट्टा आहे. वस्तीवरच्या जुन्या गोठ्यात आता जनावरं नसतात, माळाही रिकामाच असतो. शंभर-दीडशे मीटरच्या आत तीन प्रकारच्या खुणा मिळाल्या आहेत.

पहिली माळ्यावर. आढ्याच्या तुळईखाली काळपट, चकचकीत गोळे पडलेत. लांबी साधारण पाच सेंटिमीटर, जाडी अडीच. एक फोडून पाहिला तर आत केस आणि उंदराची हाडं, कवटीसकट. तुळईखालच्या फळ्यांवर चुना सांडावा तसे पांढरे डाग आहेत. माळ्याचा फोटो सोबत जोडलाय.

दुसरी बांधावर, विजेच्या खांबाखाली. तिथले गोळे करडे आणि लहान, तीन सेंटिमीटरच्या आतले. नुसते केसच केस, हाडं जवळजवळ नाहीत.

तिसरी ओढ्यालगतच्या पडीक तुकड्यात. पारव्याची पिसं वर्तुळात पसरलेली आणि मधे छातीचं हाड. दोन्ही पंख खांद्याला तसेच जोडलेले, छातीचं मांस साफ.

घरच्यांच्या मते हे सगळं एकाच घुबडाचं काम आहे, आणि मध्ये कोंबडीची दोन पिल्लं गेली तीही त्यानंच नेली. माळा धुऊन वरचं भोकसं बुजवायचं चाललंय. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा एकच पक्षी आहे का? गोळ्यांवरून त्यानं काय-काय खाल्लं हे नीट कसं मोजायचं? आणि कोंबड्यांना त्याच्यापासून खरंच धोका आहे का?

कातळकडा

तिन्ही खुणा एकाच पक्ष्याच्या नाहीत. भोकसं आत्ताच बुजवू नका.

माळ्यावरचा मुक्काम गव्हाणी घुबडाचा. बंद जागा, अंगठ्याहून जाड गोळा, ताज्या गोळ्यावर सुकलेल्या चिकट पदार्थाचा काळा चकचकीत थर आणि आत अख्खी हाडं. हे सगळं एकत्र आलं की वस्तीजवळ दुसरं नाव फारसं उरत नाही. घुबड उंदीर सहसा अख्खा गिळतं. केस, हाडं, दात पचत नाहीत. पेषणीत, म्हणजे पोटाच्या जाड स्नायूंच्या भागात, त्यांचा दाबून गोळा होतो आणि खाल्ल्यावर सहा-सात तासांनी किंवा त्याहून उशिरा तो तोंडावाटे बाहेर पडतो. हाच पेलेट. ती विष्ठा नव्हे. दिवस-रात्रीत मिळून साधारण एक-दोन पडतात, आणि त्यातला एक बहुधा दिवसा बसायच्या जागी. म्हणून माळ्यावर ढीग साठतो.

खांबाखालचे करडे गोळे बहुतेक कापशी घारीचे. तीही उंदीरच खाते, मग गोळ्यात हाडं का नाहीत? दोन कारणं आहेत. एक म्हणजे ती भक्ष्य पायाखाली धरून तुकडे तोडून खाते, त्यामुळे कवटी अख्खी पोटात जात नाही. दुसरं कारण जठरातल्या आम्लाचं. घुबडांच्या जठरातला सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जहाल) २.३ च्या आसपास असतो, दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांमध्ये तो १.६ च्या आसपास. आकड्यातला फरक किरकोळ वाटतो, पण हे माप दसपटीचं असल्यामुळे आम्लाचा जोर पाचेक पटीनं वाढतो. घारी, शिक्रे, ससाणे यांच्या पोटात बारीक हाड विरघळून जातं. त्यामुळे हाडं भरपूर आणि शाबूत असतील तर घुबड, आणि केसांचा नमद्यासारखा गोळा व त्यात हाडाची एखादी कपची असेल तर दिवसाचा पक्षी, ही पहिली चाळणी लावा. हिवाळ्यात त्याच खांबावर केस्ट्रेल हा छोटा ससाणाही बसतो. त्याच्या गोळ्यात केसांबरोबर नाकतोड्यांचे पाय आणि भुंग्यांच्या पाठीची कवचं मिसळलेली दिसतात.

पांढऱ्या डागांची दिशाही बघा. घुबड बसल्या जागेवरून सरळ खाली टाकतं, त्यामुळे तुळईखाली एकावर एक जाड थारोळी साचतात. शिक्रा आणि गरुड शेपूट उचलून जोरात मागे पिचकारी मारतात. त्यांच्या झाडाखाली बुंध्यापासून बाहेर जाणारे लांबट पट्टे मिळतात. तुमच्या वर्णनात थारोळी आहेत, तेव्हा माळ्याबद्दल शंका नको.

पारव्याचं मात्र इतक्यावर सांगता येणार नाही. पिसांची बुडं आणि छातीच्या हाडाची कड यांचे जवळून फोटो टाका.

हिरवी बोरी

पारव्याचं काम शिक्र्याचं वाटतंय. वस्तीजवळ तोच जास्त दिसतो.

कोंबड्यांबद्दल घरच्यांना सांगा की गव्हाणी घुबड वजनानं अर्ध्या किलोच्या आतबाहेर. वाढलेली कोंबडी त्याच्या आवाक्यातली नाही. पिल्लं दिवसा गेली असतील आणि मागे काहीच राहिलं नसेल तर शिक्रा, घार, कावळा, मुंगूस यांच्यावर संशय घ्या. रात्री खुराड्यातून गेली असतील तर रानमांजर, उदमांजर किंवा कुत्रा. खुराड्याची जाळी वाकलीय का, खालून माती उकरलीय का, जाळीच्या टोकाला केस अडकलेत का, हे तपासा. आणि घुबडावरचा आरोप खरा की खोटा हे त्याचे गोळेच सांगतील. पिल्लू खाल्लं असेल तर पिसं, चोच, पायाची हाडं गोळ्यात उतरायलाच हवीत.

माळ्यावर काम करणार आहात म्हणून आणखी एक. उदमांजरालाही असाच माळा आवडतो आणि त्याची लेंडकी पुष्कळदा पेलेट समजून उचलली जाते. लेंडकीचं टोक निमुळतं, वास उग्र, आतली हाडं चावून भुगा झालेली. शिवाय उंबर, जांभूळ, शिंदी अशा फळांच्या बिया असतात. पेलेटची टोकं गोलसर, सुकल्यावर वास जवळपास नाही, आणि बी कधीतरी उंदराच्या पोटातून आलीच तर एखाद-दुसरी.

जुन्या इमारतीत मांस खाणारी मोठ्या कानांची वटवाघळंही असतात. ती लटकायच्या जागी भक्ष्य आणून खातात आणि नको तो भाग खाली टाकतात. पतंगांचे पंख, नाकतोड्यांच्या तंगड्या, बेडकाचे पाय, कधी चिमणीची पिसं आणि उंदराचे तुकडेही. हे सगळं सुटं पडलेलं असतं. गोळा कुठेच नसतो, पांढरे डाग नसतात आणि भोवती काळ्या लेंड्यांचा थर असतो. असा कचरा घुबडाच्या नावावर खपवला तर पुढची सगळी मोजणी चुकते.

कातळकडा

शिक्र्याबद्दल असहमत. शिक्र्याची मादी नरापेक्षा मोठी, तरी तिचं वजन दोनशे ग्रॅमच्या आत. पारवा तीनशे ग्रॅमच्या आसपास. शिक्रा सरडे, उंदीर, खार, चिमण्या, सातभाई, फार तर होला मारेल. मोठा पारवा उघड्यावर पाडून त्याची छाती साफ करणं त्याच्या कुवतीबाहेरचं. शिवाय शिक्रा पिसं उपटतो तो बहुतेक आडोशाला, पानांत, कमी उंचीच्या जाड फांदीवर किंवा खुंटावर. तिथे एकाच जागी लहान पिसांचा दाट थर सापडतो.

मोकळी जागा, साफ छाती, खांद्याच्या हाडांना जोडलेले दोन्ही पंख. हे वर्णन ससाण्याचं आहे. ऑक्टोबर ते मार्च असेल तर हिवाळी पाहुणा बहिरी ससाणा. सह्याद्रीचे कडे जवळ असतील तर शाहीन, तो बारमाही. माळरानाच्या बाजूला लग्गड. शृंगी घुबडही रात्री पारवे उचलतं, पण ते पक्ष्याची जास्त मोडतोड करतं. बहुधा डोकं जातं, पंख सुटे होतात, आणि जवळच्या खडकावर किंवा दरडीत त्याचे आठ-आठ सेंटिमीटरचे दणकट गोळे सापडतात.

पक्षी की जनावर, हे मात्र आधी ठरवा. पंखाची दहा-बारा मोठी पिसं उचला आणि बुडं उजेडात धरा. पक्ष्यानं चोचीत धरून उपटलेलं पीस अख्खं निघतं. दांड्याचं टोक शाबूत, आणि टोकाजवळ जिथे चोच आवळली तिथे दुमड किंवा बारीक खाच. मांजर, मुंगूस, कोल्हा दातांनी पिसं तोडतात. दांडा मधेच तुटलेला, कड चिंध्या झालेली, चार-पाच पिसं लाळेनं एकत्र चिकटलेली. बुडाशी कातडीचे कण अडकलेत का तेही बघा. गरम अंगाची पिसं स्वच्छ निघतात. गार झालेल्या मेलेल्या पक्ष्याची उपटली तर कातडी ओढली जाते. तसं असेल तर पारवा आधीच, कदाचित विजेच्या तारेनं किंवा औषधानं, मेला होता आणि नंतर कोणीतरी खाल्ला.

मग छातीच्या हाडाची उभी कड. ससाण्याच्या वरच्या चोचीला दातासारखा कंगोरा असतो. मांस ओढताना त्यानं पातळ कडेचे त्रिकोणी लचके निघतात. कुत्र्या-मांजरानं चघळलेल्या हाडाची टोकं चुरडलेली असतात आणि त्यावर दातांचे गोल खड्डे दिसतात. मानेचे मणकेही तपासा, कारण ससाणा पाडलेल्या पक्ष्याची मान चोचीनं मोडतो.

घोळ होतो तो एकावर दुसऱ्यानं ताव मारल्यावर. ससाण्यानं सोडलेला सांगाडा रात्री कोल्हा चघळतो, सकाळी कावळे ओढतात. म्हणून मारणाऱ्याचा शोध पिसांवरून घ्या. हाडांवर बहुधा शेवटी खाणाऱ्याची खूण असते. दोघांची साक्ष जुळली नाही तर हाडावर कमी विश्वास ठेवा.

वारणाकाठ

तपासलं. चौदा मोठी पिसं पाहिली, सगळ्यांची बुडं शाबूत आहेत. नऊ पिसांना टोकापासून सेंटिमीटरभर वर दुमड आहे. कातडी कुठेच नाही. छातीच्या हाडाच्या कडेला तीन त्रिकोणी खाचा आहेत. हाडाचं एक टोक मात्र चुरडलेलं आहे.

कातळकडा

मग मारणारा ससाणा, आणि नंतर एखाद्या कुत्र्यानं किंवा मुंगसानं हाड चघळलं. बहिरी, शाहीन की लग्गड हे उरलेल्या हाडांवरून सांगता येत नाही. जो सांगेल तो अंदाज बांधतोय. त्यासाठी पक्षीच पाहायला हवा. सकाळी लवकर टॉवर, पाण्याची टाकी, उंच सुकलेलं झाड यांवर नजर ठेवा. खाली पारव्याची, पोपटाची किंवा पाणथळीच्या पक्ष्यांची पिसं मिळाली तर बैठकीची जागा सापडली.

पीकपाणी

मोजणीचं मी लिहितो, कारण यातच सगळ्यात जास्त चुका होतात.

गोळे उचलायला संध्याकाळी घुबड बाहेर गेल्यावरच जा. दिवसा माळ्यावर चढलात तर ते उजेडात उडतं, कावळे मागे लागतात, आणि दोन-तीनदा असं झालं की जागा सोडतं. आतून फुसफुसण्याचा लांब आवाज येत असेल तर पिल्लं आहेत. मग माळ्यावर चढूच नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार रानपक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. कोरड्या विष्ठेच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात आणि गोळ्यात साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. झाडू मारू नका, हातानं वेचा.

पहिल्या फेरीत जुने-नवे सगळे गोळे उचलून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि त्यावर 'मिश्र' लिहा. त्यांचा हंगाम सांगता येत नाही. तुळईखाली जाड ताडपत्री अंथरा आणि दर पंधरा दिवसांनी वेचा. खरी नोंद तिथून सुरू होते. प्रत्येक गोळा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायचा, वर तारीख, जागा, लांबी, जाडी. प्लॅस्टिकमध्ये ओला गोळा बुरसतो. ताजा गोळा काळा आणि ओलसर, काही दिवसांनी करडा आणि निस्तेज. पुढे कसरीच्या अळ्या केस खातात आणि गोळा भुगा होऊन बसतो. पावसाळ्यात हे फार लवकर होतं.

उन्हात दोन-तीन दिवस खडखडीत वाळवा. मग अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंश सेल्सिअसवर ४० मिनिटं तापवा. स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका, जुना टाकाऊ ओटीजी घ्या. फ्रीझरमध्ये ठेवल्यानं कसरीच्या अळ्या मरतात, जिवाणू मरत नाहीत, म्हणून तेवढ्यावर भागवू नका. मुलं हाताळणार असतील तर तापवणं टाळूच नये.

फोडायच्या दोन पद्धती. कोरडी पद्धत म्हणजे दोन टोकदार चिमटे, एक दाभण आणि काळा कागद. केस, पिसं, किड्यांची कवचं ओळखायची असतील तर हीच. ओल्या पद्धतीत कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून गोळा अर्धा तास भिजवायचा. मग तो बशीत अलगद उकलायचा आणि पाणी चहाच्या बारीक गाळणीतून जाऊ द्यायचं. मोठ्या भोकांची गाळणी घेतली तर पिटुकल्या उंदरांचे जबडे वाहून जातात, आणि मग हिशेबात मोठेच उंदीर दिसतात.

गोळे शंभरावर असतील तर कॉस्टिक सोडा. १०० मिली पाण्यात ८ ग्रॅम, दोन-तीन तास, की केस विरघळून हाडं मोकळी होतात. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. भांडं काचेचं किंवा जाड प्लॅस्टिकचं. अॅल्युमिनियमचं चालणार नाही, ते खाल्लं जातं आणि वायू सुटतो. चष्मा आणि रबरी मोजे हवेतच. केस-पिसांची नोंद आधी करून घ्या, नंतर ती राहत नाहीत.

हाडं पांढरी करायची असतील तर औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड निम्मं पाणी घालून ३ टक्क्यांवर आणा आणि त्यात तीन-चार तास ठेवा. ब्लीचिंग पावडर नको. हाड खडूसारखं ठिसूळ होतं आणि दात गळतात.

आता ओळख. कवटीचा मागचा भाग बहुतेक फुटलेला मिळेल, कारण घुबड तिथेच चावतं. भरवसा खालच्या जबड्यावर ठेवा. पुढे एक लांब, वाकडा, पिवळट-नारिंगी पटाशीचा दात, मग मोकळी जागा, मग तीन दाढा, असं असेल तर उंदीर-घूस वर्ग. मोकळी जागाच नाही, दात टोकदार आणि सलग, वरच्या जबड्यात पुढचा दात आकड्यासारखा पुढे आलेला, तर चिचुंद्री. युरोपातल्या मार्गदर्शिकांमध्ये चिचुंद्रीच्या दातांची टोकं लाल लिहिलेली असतात. ती वेगळी जात. आपल्या घरच्या चिचुंद्रीचे दात पांढरेच, म्हणून लाल टोकं शोधत बसू नका. मांजर चिचुंद्री मारून टाकून देतं, गव्हाणी घुबड मात्र ती बिनतक्रार गिळतं, तेव्हा ती बऱ्यापैकी सापडेल.

उंदरांमध्ये तीन दाढांच्या रांगेची लांबी मोजा. तीन मिलिमीटरच्या आसपास असेल तर शेतातला पिटुकला उंदीर. सहा ते आठ मिलिमीटर असेल तर मोठे उंदीर आणि लहान घूस. वरच्या पटाशीच्या दातावर उभी खोबण दिसली तर बहुधा जर्बिल, म्हणजे माळरानावरचा लांब शेपटीचा उंदीर. बाकी बहुतेकांचे दात समोरून गुळगुळीत. घुशीच्या दाढेवर आडव्या पट्ट्या, घरउंदराच्या दाढेवर उंचवटे. दहापट भिंग घेतलं की हा फरक दिसतो. शेवटची दाढ अजून वर आलेली नसेल तर पिल्लू. मोठी घूस दोनशे-तीनशे ग्रॅमची, ती गव्हाणी घुबडाला जड जाते. त्यामुळे घुशी सापडल्या तरी त्यात कोवळ्या जास्त निघतील.

वटवाघळाच्या जबड्यात सुळे लांब आणि ठळक. पालीच्या जबड्यात सगळे दात एकसारखे, कंगव्यासारखे. पक्ष्याच्या जबड्याला दातच नाहीत.

मोजताना डावे आणि उजवे जबडे वेगळे करा. डावे सात आणि उजवे नऊ निघाले तर किमान नऊ उंदीर. सोळाही नाही, आठही नाही. हे प्रत्येक जातीसाठी वेगळं करायचं. कवट्या आणि जबडे दोन्ही मोजून बेरीज केली की आकडा दुप्पट होतो, आणि 'एका घुबडानं इतके हजार उंदीर खाल्ले' असली वाक्यं तिथून जन्माला येतात. एक गोळा म्हणजे एका रात्रीची पूर्ण शिकार, हेही गृहीत धरू नका. दुसरा गोळा शेतात कुठेतरी पडलेला असतो.

खाडीकाठ

कोकणातल्या मंडळींसाठी थोडं, कारण वरचं सगळं देशावरचं झालं.

वहाळाच्या काठच्या जुन्या आंब्याखाली खेकड्याच्या पाठीचे आणि नांग्यांचे तुकडे, माशांची हाडं, बेडकाच्या तंगड्यांची पोकळ हाडं मिळाली तर वर बघा. मासे खाणारं तपकिरी घुबड, म्हणजे हुमा, तिथे दिवसा बसतं. त्याचे गोळे केस नसल्यानं घट्ट राहत नाहीत. पडले की विस्कटतात, म्हणून लोक गोळा शोधतात आणि त्यांना फक्त कचरा दिसतो. हाच माल ऊद, म्हणजे पाणमांजरसुद्धा टाकतो. पण त्याची विष्ठा पाण्याजवळच्या खडकावर, मुद्दाम उंच जागी, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी असते, तिला माशाचा उग्र दर्प येतो आणि खेकडा बारीक चावलेला असतो. झाडाखाली, पांढऱ्या डागांसोबत, मोठे तुकडे असतील तरच हुमा. मुंगूस खेकडा फोडतं तेही खडकावर, पण तिथे पांढरे डाग नसतात.

किनाऱ्यालगतच्या उंच झाडाखाली सापाच्या मणक्यांच्या माळा आणि मोठ्या माशांची डोकी पडलेली असतील तर वर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं घरटं असण्याची शक्यता मोठी. तो समुद्रसाप भरपूर पकडतो. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, शेपटाकडचा भाग मिळाला तर लगेच कळतं. आत डोंगराकडे गोळ्यात सापाचे खवले मिळाले तर सर्पगरुड.

बगळ्यांच्या वसाहतीखालीही सगळं पांढरं असतं. पण तिथे वास माशाचा, आणि बगळ्याच्या गोळ्यात केस आले तरी हाडं विरघळलेली असतात. वेडा राघूही गोळे टाकतो. ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, काळे, माश्या-चतुरांच्या कवचांचे. पिंगळ्याचे त्याहून थोडे मोठे, ठिसूळ, त्यात भुंग्यांची कवचं, विंचवाची नांगी, मधेच पालीचा किंवा छोट्या उंदराचा जबडा. पिंगळ्याच्या ढोलीखाली उंदरांनी गच्च भरलेला पाच सेंटिमीटरचा गोळा सापडला तर तो पिंगळ्याचा नाही.

वारणाकाठ

मनापासून आभार. बारा गोळे कोरडे फोडले. खालचे जबडे डावे २९, उजवे ३१. त्यातले चिचुंद्रीचे डावे ५, उजवे ४. बाकी सगळे उंदीर वर्गातले. पक्ष्याची चोच एकही नाही, कोंबडीची तर नाहीच. घरी दाखवल्यावर भोकसं बुजवायचा बेत रद्द झाला. आता अडचण वेगळीच आहे. शेजारच्या उसात ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशक विषाचे ठोकळे टाकायचं चाललंय. त्यानं घुबडाला काही होईल का?

पीकपाणी

मोजणी पूर्ण करा. उंदीर वर्गात डावे २४ आणि उजवे २७, म्हणून किमान २७. चिचुंद्र्या किमान ५. एकूण ३२, म्हणजे गोळ्यामागे अडीचच्या थोडं वर. उंदरांची जातवार विभागणी केलीत तर २७ चा आकडा थोडा वर सरकू शकतो, कारण डावे-उजवे प्रत्येक जातीत वेगळे लावावे लागतात.

ब्रोमॅडिओलोनचा धोका खरा आहे. तयार आमिषात त्याचं प्रमाण फक्त ०.००५ टक्के असतं, पण ते रक्त गोठू देत नाही आणि यकृतात साठून राहतं. उंदीर खाल्ल्याबरोबर मरत नाही. तीन ते सात दिवस जगतो, सुस्त होतो, उघड्यावर रेंगाळतो. तोच सगळ्यात सोपा सापडतो आणि घुबड त्यालाच उचलतं. असे उंदीर रोज पोटात गेले की विष साठत जातं. कापशी घार आणि पिंगळ्यालाही हेच लागू.

शेजाऱ्यांशी बोलताना 'टाकू नका' एवढंच म्हणून भागणार नाही, नुकसान त्यांचं आहे. आधी बिळं मोजायला सांगा. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवायची आणि सकाळी उघडलेली तेवढी जिवंत धरायची. बांध रुंद असतील तर ते छाटून अरुंद करायचे, कारण घुशी बांधातच राहतात. जिवंत बिळांजवळ सापळे. ऊस लहान असतानाच बांधावर माणसाहून उंच टी-आकाराचे लाकडी थांबे रोवले तर रात्री घुबड आणि दिवसा कापशी घार तिथून शिकार करते. ऊस उंच आणि दाट झाल्यावर थांब्यांचा उपयोग कमी, जमीनच दिसत नाही. तरीही विष वापरायचंच ठरलं तर ते बिळाच्या आत ठेवून तोंड बुजवायचं, बांधावर उघडं फेकायचं नाही. आणि मेलेले-अर्धमेले उंदीर पंधरा दिवस रोज सकाळी गोळा करून खोल पुरायचे.

घुबड मरगळलेलं किंवा नाकपुड्यांशी रक्त असलेलं दिसलं तर पाणी पाजू नका. पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

हिरवी बोरी

एक राहिलं. माळ्याच्या फोटोत मागचा रस्ता आणि दुकानाची पाटी दिसतेय. तो फोटो काढून टाका आणि मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद करून नवा चढवा. दिवाळीच्या आधी, विशेषतः लक्ष्मीपूजनाच्या सुमाराला, जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे असे धागे वाचतात. गावाचं नाव कोणी विचारलं तरी इथे देऊ नका. ससाण्याच्या बैठकीचंही तसंच.

वारणाकाठ

फोटो काढून टाकले. ताडपत्री आज संध्याकाळी अंथरतो. पंधरा दिवसांच्या गोळ्यांची जातवार मोजणी याच धाग्यावर टाकेन, दाढांचे भिंगातून घेतलेले फोटोही, म्हणजे घूस आणि घरउंदीर यांत गल्लत झाली तर कोणीतरी दाखवून द्याल.